बुजवलेलं दार

१२ डिसेंबर २०२४
खोदकामाच्या प्रमुख डॉक्टर कियारांनी आज सगळ्यांना एकेक वही दिली. रोज काय खणलं, काय निघालं ते त्यात लिहायचं. ती मी लिहीन. ही दुसरी वही मी इब्री गावातल्या दुकानातून माझ्यासाठी आणलीय. चौतीस वर्षं ओमानमध्ये काढली, कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. फेब्रुवारीअखेर व्हिसा संपतोय, कंपनी आता साठीच्या पुढच्यांना ठेवत नाही. जाताना हातात काहीतरी असावं, म्हणून असेल.

मी गवंडी. बरका शहरातल्या कंपनीत फोरमन. कंपनीने मला इथे पाठवलं, कारण इटलीच्या लोकांना दगडी भिंतीची जाण असलेला माणूस हवा होता. डोंगराच्या पायथ्याशी साडेचार हजार वर्षांपूर्वीचं गाव सापडलंय. सहा तंबू, चोवीस मजूर, दोन गाड्या. स्वयंपाक आणि गाडी यूनुसकडे. तो दाभोळचा. माझं गाव कुडाळजवळ, म्हणजे परदेशात आम्ही शेजारीच.

१५ डिसेंबर
नुसती माती. संध्याकाळी पाठ धरली.

२२ डिसेंबर
चार दिवसांत एका घराची बाहेरची भिंत पूर्ण मोकळी झाली. मला खरंच वाटत नव्हतं की मी इतका खूश होईन. आमच्या कंपनीत आता सगळं काँक्रीट, ब्लॉक. दगडावर दगड बसवलेली भिंत मी किती वर्षांनी बघितली! ज्याने बांधली त्याचा हात चांगला होता. कोपऱ्याला लांब दगड एक आड एक फिरवलेत, सांध्यावर सांधा कुठे येऊ दिलेला नाही.

हे मला दादाने शिकवलं. तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. मी पंधराचा असताना चिऱ्याच्या खाणीवर त्याच्याबरोबर जायला लागलो. थराला हात लावायच्या आधी तो मला खाली बसवायचा. ‘बाळू, डोळे मीट. हात फिरव. खय उंच लागता तां सांग.’ मी चुकलो की हसायचा, ओरडायचा नाही. दुपारी एकाच डब्यात जेवायचो. आंबोळी आणि सुकटीची चटणी. पाण्याची कळशी झाडाखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली असायची, त्या पाण्याला फडक्याचा वास यायचा. आज यूनुसने दिलेलं थंड बाटलीतलं पाणी पिताना तो वास आठवला.

दादाशी बोललो त्याला चौतीस वर्षं झाली.

२३ डिसेंबर
बायकोला, वसुंधराला व्हिडिओ कॉल केला, भिंत दाखवली. ती म्हणाली, ‘बरी आसा. तुमी जेवलास?’ ती ओटीवर तांदूळ निवडत होती. मागून एक लहान मुलगी धावत आली आणि सुपातले तांदूळ सांडले. दादाची नात रेवा. आमच्या अजिंक्यने, मुलाने, फोटो दाखवला होता म्हणून ओळखलं. ती कुठून आली ते कळलं नाही, कारण मागे माजघर, आणि माजघराला दादाच्या बाजूला दार नाही, माझी भिंत आहे. बहुतेक पुढून येऊन आत लपली असेल. पोरांचं काय.

वसुंधराने फोन लगेच दुसरीकडे फिरवला. म्हणाली, ‘फेब्रुवारीत येवच्या आदी चार दिस कळवा हां. इसरा नको.’ प्रत्येक रजेच्या वेळी हे सांगते. बाजारहाट करायचा असतो तिला.

२ जानेवारी २०२५
आतल्या दोन खोल्या निघाल्या. पूर्वेची आणि पश्चिमेची. मध्ये दार होतं. आणि ते दार दगडांनी बुजवलंय.

डॉक्टर कियारा उड्याच मारायला लागल्या. त्यांचा अंदाज असा, की बाहेरून हल्ला झाला, लोकांनी घाबरून दार बुजवलं आणि आतल्या खोलीत लपले. इटलीत त्या वीस वर्षं एट्रस्कन लोकांची गावं खणत होत्या. रोमच्याही आधीचे लोक. तिथे त्यांना असंच एक घर जळालेलं मिळालं होतं, वेढा पडलेला होता म्हणे. ओमानच्या मंत्रालयाकडून आलेली मुलगी उमामा लगेच फोटो काढायला लागली. या वर्षीच्या अहवालात हेच पहिलं येणार.

मी दाराजवळ बसून बघितलं. घाबरलेल्या माणसाने बांधलेलं हे काम नाही. पण मी गप्प बसलो. मी दहावी शिकलेला, त्या डॉक्टर.

७ जानेवारी
पूर्वेच्या खोलीत चूल मिळाली. तीन दगड, मध्ये राख. पश्चिमेच्या खोलीतही चूल मिळाली. डॉक्टर म्हणतात, एक आधीची असेल, एक नंतरची. मी पाण्याची नळी आणि दोरी लावून बघितलं. दोन्ही एकाच जमिनीवर आहेत. अर्ध्या इंचाचाही फरक नाही.

यूनुसला सांगितलं. तो मासळी परतत होता. म्हणाला, ‘मग सांगा ना बाईंना. तुम्ही गवंडी हाव की मी?’
‘चुकलो तर?’
‘चुकलात तर फेब्रुवारीत घरीच जायचंय.’

९ जानेवारी
सांगितलं.

माझं इंग्रजी साइटवरचं, तरी त्या नीट ऐकत होत्या. म्हटलं, मॅडम, हे दार पूर्वेकडून बुजवलंय. बांधणारा पूर्वेच्या खोलीत उभा होता. बघा, या बाजूला दगडाचं तोंड सपाट आहे, सांधे भरलेत, बारीक कपच्या ठोकल्यात. पश्चिमेच्या बाजूला सगळं ओबडधोबड, माती बाहेर आलेली. तिकडून कसं दिसेल याची त्याला पर्वा नव्हती. आणि हे सावकाश केलेलं काम आहे. शत्रू दारात असताना कोण कपच्या ठोकत बसतो?

‘मग का बुजवलं, मिस्तर बाला?’
म्हटलं, ‘भाऊ वेगळे झाले असतील. एक घर, दोन चुली. आमच्या गावात असंच करतात.’

त्यांनी वाकून दोन्ही बाजू परत बघितल्या. मग म्हणाल्या, भिंतीवरून भांडण ओळखता येत नाही. राग आला असावा. उमामाने मात्र माझं सगळं लिहून घेतलं. जेवताना तिने विचारलं, ‘अंकल, तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत?’ मी म्हटलं, अनुभवाने.

१० जानेवारी
शुक्रवार, सुट्टी. उमामाला जे सांगितलं नाही ते इथे लिहितो.

१९९१ साली बरक्याच्या कंपनीकडून आमच्याकडे एक व्हिसा आला. गवंड्याचा. दादासाठी होता, पण नाव परीक्षेनंतर लागायचं होतं. पासपोर्ट दादाने काढला होता, माझा त्याच्याबरोबर सहज काढलेला. मुंबईला कामाची परीक्षा द्यायला जायचं त्या सकाळी दादा तापाने अंथरुणावर. म्हणाला, माका उठवत नाय. एजंट थांबायला तयार नव्हता. मी गेलो. दादाच्या नावाने बोलेन, पुढची तारीख घेईन, असं ठरवून गेलो. तिथे समोर विटांचा ढीग बघितला आणि थापी हातात घेतली. अर्ध्या तासात पास झालो. पुढची तारीख मी मागितलीच नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, वसुंधरालाही नाही. घरी सांगितलं की त्यांनी तारीख दिली नाही.

दादा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘तू माझी जागा घेतलंस.’ खरं होतं म्हणून मला जास्त झोंबलं. मी म्हटलं, ‘मग आजपासून तुझी चूल वेगळी.’ निघायच्या आदल्या दिवशी मधलं दार बुजवलं. सकाळी सुरू केलं, दिवेलागणीला संपवलं. वसुंधरा चिरे उचलून देत होती. तेव्हा तिला सहावा महिना.  पलीकडून आई हाक मारत होती, बाळू, बाळू. मी कपच्या ठोकत राहिलो.

त्या भिंतीसारखं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

१६ जानेवारी
डॉक्टरांनी स्वतःहून बोलावलं. म्हणाल्या, ‘तुमची भाऊबंदकी मान्य केली, तर मग ही भिंत गुडघ्याएवढीच का उरलीय? बाजूच्या भिंती छातीएवढ्या आहेत.’ त्यांचं म्हणणं, वरचा भाग पडला. मी म्हटलं, पडला तर दगड खाली असते. आम्ही दोन्ही बाजूंना खणलं, पडलेले दगड कुठे आहेत?

मग मी वरचा थर पाण्याने धुतला आणि डोळे मिटून हात फिरवला. दादाने शिकवलं तसा. मधले दोन दगड गुळगुळीत. कडेचे खरखरीत. त्यांना म्हटलं, हातमोजा काढा आणि हात लावा. त्यांनी लावला.

‘पाय,’ मी म्हटलं. ‘मॅडम, भिंत बांधली, नंतर कुणीतरी वरचे थर काढून घेतले. आणि मग माणसं यावरून जा-ये करत राहिली. बरीच वर्षं. एकदोन वर्षांत दगड असा होत नाही.’

त्या उकिडव्या बसल्या होत्या, तशाच मागे मातीत बसल्या. मग हसायला लागल्या. ‘आणि अहवालात मी काय लिहू? भांडले आणि परत बोलायला लागले?’
उमामा म्हणाली, ‘डॉक्टर, लिहा ना.’

आज खूप दिवसांनी वाटलं की मी या कामात कुणीतरी आहे.

१७ जानेवारी
वसुंधराला फोनवर सगळं सांगितलं. दोन चुली, बुजवलेलं दार, गुळगुळीत दगड. मला वाटलं, ऐकून खूश होईल. ती एकदम गप्प. विचारलं, ‘गो, ऐकतंस मा?’
म्हणाली, ‘ऐकतंय. त्यांच्या घोवाक ठाऊक होता?’
‘कुणाच्या?’
‘ज्या बायकांनी तां फोडल्यानी, त्यांच्या.’
मी म्हटलं, बायकांनी फोडलं कशावरून? साडेचार हजार वर्षांपूर्वीचं कुणाला माहीत? ती म्हणाली, तां पण खराच. मग गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला.

२४ जानेवारी
डॉक्टरांनी अर्बाबशी, म्हणजे आमच्या मालकाशी, परस्पर बोलणं केलंय. मला आणखी दोन वर्षं ठेवायचं, या गावाच्या भिंती जपायचं काम. वयाचं ते बघून घेतील. महिनाअखेर सांगा म्हणाल्या.

घरी विचारलं. वसुंधरा म्हणाली, ‘तुमका करूचा आसा तर करा. हयसर काय अडला नाय.’ नाराज नव्हती. तेच जरा लागलं. अडलं नाही, ते मलाही दिसतं. गेल्या पावसात कौलं फिरवली ती कुणी, विचारलं तर म्हणते, झाली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दादाला मेथीचे लाडू कुणी दिले ते वाडीला माहीत, मला नाही. मी गेलो की चाळीस दिवस पाहुण्यासारखा. माजघरात ते जुनं अवजड कपाट आणि त्याच्यासमोर माझी खाट. कपाटाखाली फरशीवर अर्धगोल ओरखडे आहेत. वसुंधराला साफसफाईचं वेड, एवढं कपाट सरकवून झाडते. रात्री पलीकडून दादाचं खोकणं ऐकू यायचं, इतकं स्पष्ट की मला वाटायचं मी भिंत पातळ बांधली की काय.

३१ जानेवारी
दोन वर्षं नको म्हणून सांगून टाकलं. का ते मलाही नीट सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, मला वाटलंच होतं.

तिकीट अठ्ठावीसचं होतं, ते मी वीसचं करून घेतलं. वसुंधराला कळवणार नाही. एकदा तरी न सांगता जाऊन उभा राहतो. पुण्याला अजिंक्यला तेवढं सांगितलं. तो एकदम म्हणाला, ‘बाबा, असं नका करू. आईला सांगा.’
‘का रे?’
‘तिची धावपळ होते.’
इतका मोठा झाला, आईच्या धावपळीची काळजी करतो. बरं वाटलं.

२ फेब्रुवारी
आज दुपारी वसुंधराचा फोन आला. कामाच्या वेळी ती कधी करत नाही. मी खड्ड्यातून वर आलो.

म्हणाली, ‘बसलास?’
मी मातीच्या ढिगावर बसलो.
‘तां दार उघडा आसा.’
मला वाटलं, पुढचं दार. म्हटलं, मग लाव.
‘तां न्हय. तुमी बुजवलास तां. अजिंक्य चार वर्षांचो होतो. श्रावणात त्येका ताप भरलो, झटके येवक लागले. मी भिंतीवर हात आपटून वैनींक हाका मारलंय. बाहेरसून फिरान येवक पाणी भरलेला. दादांनी पहार घेतल्यानी नि भिंत फोडून आत इले. पोराक खांद्यावर घेवन ते कुडाळाक चलत गेले. त्या दिसापासून उघडाच आसा.’

मी हाताची माती झटकत राहिलो.

‘तुमी येवचे झालास की आमी कपाट लावतो. दादा नि अजिंक्य लावीत. आता दादांका गुडघ्यान जमणा नाय, म्हणान चार दिस आदी कळवा म्हणतंय. दुसरो माणूस बघूचो लागता. अजिंक्यान सांगितल्यान, तुमी न कळवता येतास.’
‘मला सांगितलं का नाही?’
‘त्येच्यानंतरच्या पयल्या रजेक सांगूचा म्हटलंय. तुमी कपाटाकडे बोट करून म्हणालास, हेच्या पाठची भिंत माझ्यामागे शंभर वर्षां टिकतली. मग माका सांगूक इला नाय. तुमी येवचाच बंद केलास असतास तर?’

फोन मी ठेवला की कट झाला, आठवत नाही.

३ फेब्रुवारी
त्यानंतरच्या चौदा रजा. चौदा वेळा कपाट.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांकडे गेलो, म्हटलं दोन वर्षांचं अजून होईल का. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, होईल, पण आज सही नाही घेणार. आठवड्याने या.

वसुंधराचे सहा फोन. उचलले नाहीत. सगळ्यांना माहीत होतं. वाडीतल्या पोराटोरांना माहीत असणार. चार वर्षांच्या पोराने माझ्यासमोर तोंड उघडलं नाही, तेव्हापासून पुण्याला नोकरीला लागेपर्यंत. मी पाहुणा नव्हतो, मी तर नाटकातला प्रेक्षक होतो.

८ फेब्रुवारी
यूनुसने विचारलं जेवत का नाही. सांगितलं सगळं. वाटलं, समजूत घालेल. तो आधी खो खो हसला. मी उठून जायला लागलो तर हात धरून बसवलं.

‘बाळूभाई, हसतो म्हणून रागवू नका. पण माझ्या घरी खुदेजाने कधी काही लपवलं नाही. मी रजेला गेलो की मोठ्या भावाच्या घरावरून जाताना ती माझ्यासमोर थुंकायची. मला बरं वाटावं म्हणून. आता भाऊ गेला. त्याच्या दफनाला मी इथे मस्कतला, रुवीत. आणि तुम्ही रडताव की तुमच्या घरच्यांनी तुमच्यामागे भांडण मोडलं?’

मी म्हटलं, मला विचारायला हवं होतं.
‘विचारलं असतं तर काय म्हणाला असतात?’

उत्तर मला माहीत होतं. म्हणून दिलं नाही.

११ फेब्रुवारी
वसुंधराला मीच फोन केला. आधी तिने जेवलास काय ते विचारलं. मग विचारलं, भिंत पूर्ण काढली का. म्हणाली, खालचे तीन थर निघालेच नाहीत, पहार वाकली. त्यावर लाकडी फळी टाकलीय. रेवा रोज अडखळते.

मला हसू आलं. का ते तिला कळलं नाही. तीही हसली. मग मी तिला मुंबईच्या परीक्षेचं खरं सांगितलं. तारीख मी मागितलीच नव्हती, ते. ती म्हणाली, ‘तां माका नको सांगू. ज्येका सांगूचा त्येका सांगा.’ आणि दादाचा नंबर दिला. आजवर तिने मला अरेतुरे केलं नव्हतं. आज ‘नको सांगू’ म्हणाली. तिलाही कळलं नसावं.

डॉक्टरांना दुसऱ्यांदा नको म्हणून सांगून आलो. आता तिसऱ्यांदा येऊ नका म्हणाल्या, हसून.

१७ फेब्रुवारी
काम संपलं. आता सगळं परत मातीत पुरायचं. दर वर्षी असंच करतात, नाहीतर ऊन आणि पाऊस दगड खातात. भिंतींवर कापड घातलं, वाळूच्या गोण्या रचल्या. बुजवलेल्या दारावरच्या गोण्या मी एकट्याने ठेवल्या. अहवालात डॉक्टरांनी माझं नाव घातलंय, उमामाने वाचून दाखवलं. ‘गवंडी बाळकृष्ण यांच्या निरीक्षणानुसार.’ भावांचा उल्लेख नाही. ‘घराची विभागणी आणि नंतर पुन्हा वापर’ असं आहे. बरोबर आहे. भांडण त्यांना कसं दिसणार?

मग चहाच्या वेळी त्याच ढिगावर बसून दादाचा नंबर लावला.

‘कोण?’
आवाज बापासारखा झालाय.
‘मी बाळू.’
पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, ‘बोल.’

मी पाठ केलं होतं तसं सगळं एका दमात बोलून टाकलं. जागा तुझी होती. पुढची तारीख मिळाली असती. मी मागितली नाही. घरी खोटं बोललो. चौतीस वर्षं.

पलीकडे दादा खोकला.  मग म्हणाला, ‘बाळू, माका त्या दिसा ताप नव्हतो.’
‘काय?’
‘ताप नव्हतो रे. काखेत कांदो धरून निजलेलंय. माका जावचा नव्हता. विमान, समुद्र, थंयचे लोक… माका भ्या वाटला. सगळ्यांका सांगितलेला जातंय म्हणान, मग नाय कसा म्हणतलंय? तू गेलंस तेव्हा बरा वाटला. मगे तू पास होवन इलंस नि सगळे माझ्याकडे बघूक लागले. मग म्हटलंय, ह्येना माझी जागा घेतली. तुझ्यार घातलंय सगळा.’

खाली मजूर गोण्या टाकत होते. मी त्यांच्याकडे बघत बसलो. राग यायला हवा होता. शोधला, पण कुठे लागला नाही. काखेत कांदा धरून पांघरुणात पडलेला माझा थोरला भाऊ दिसत होता. अठ्ठावीस वर्षांचं वय नव्हतं त्याचं? नाही, चौतीस. माझं सत्तावीस.

‘कांद्याने खरंच ताप येतो?’ मी विचारलं.
‘खयचो येता! नुसतो वास येता. आयेक कळलेला, ती बोलाक नाय.’

मग दोघंही हसलो की काय केलं देव जाणे, पण यूनुस चहाचा कप घेऊन आला आणि न देताच परत गेला.

दादा म्हणाला, ‘बाळू, कसा आसा रे तां?’
‘काय?’
‘मस्कत. तू रजेक येयस, वाडीत सगळ्यांका सांगस. मी पलीकडसून आयकी, पण अर्धा आयकाक येयना. विचारतलंय कसा?’

मी सुरुवातीपासून सुरू केलं. विमानतळावरून आम्हा नऊ जणांना पिकअपमध्ये मागे बसवून नेलं, ते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगर, पण झाड एक नाही, मला वाटलं आग लागून गेलीय. मस्कतच्या दार्सैत भागात एका खोलीत सहा खाटा, आणि सकाळी खाली उतरलो तर कृष्णाच्या देवळातली घंटा वाजत होती. मी रस्त्यातच उभा राहिलो. मागून कुणीतरी ‘यल्ला’, म्हणजे ‘चल’, म्हणून ओरडलं, आणि मला वाटलं तो माणूस मला देवाकडेच पाठवतोय.

‘मगे?’ दादा म्हणाला. ‘मगे काय झाला?’

मी सांगायला लागलो, आणि पहिल्या पगाराच्या आठवड्यापर्यंत पोचलो तेव्हा त्याने थांबवलं. पलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. वहिनीला खुर्ची आणायला सांगत होता.

‘हां,’ म्हणाला, ‘आता सांग. बसलंय.’